डेबियन वितरणातील आवृत्ती-नियंत्रण व पॅकेज-व्यवस्थेचे स्थित्यंतर (१९९३ ते २०२५) : एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राचा इतिहास बहुधा यंत्रांचा, कंपन्यांचा आणि संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ज्या नोंदवह्यांच्या आधारे संगणकीय प्रणाली घडतात त्या नोंदवह्यांचा इतिहास मात्र फारसा लिहिला जात नाही. वास्तविक आज शासकीय कार्यालये, बँका, प्रयोगशाळा आणि महाविद्यालये यांच्या पाठीशी उभे असलेले असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. त्या लिनक्समधील प्रत्येक ओळ कोणी, केव्हा व कशासाठी लिहिली याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीवरच त्यांची विश्वसनीयता अवलंबून असते. म्हणून ही नोंदपद्धती कशी बदलली, हा प्रश्न तांत्रिक असला तरी त्याचे स्वरूप मूलतः ऐतिहासिक आणि संस्थात्मक आहे.

२०२२ मध्ये पालघर येथे डेबियन या मुक्त लिनक्स वितरणाचा ‘मिनीडेबकॉन्फ’ हा मेळावा झाला. पुढील वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, डेबियनची जागतिक वार्षिक परिषद प्रथमच भारतात, कोची येथे भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या आणि बाहेरच्या जगाला प्रामुख्याने तारापूरच्या अणुविद्युत केंद्रामुळे व बोईसरच्या औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असलेल्या या जिल्ह्यात असा मेळावा भरावा, ही घटना दखल घेण्याजोगी आहे. ज्या काळात हा मेळावा झाला त्याच काळात डेबियन आपली तीन दशकांची पॅकेज-व्यवस्था गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या पायावर नव्याने उभारण्याच्या प्रयत्नात होते. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा कालक्रम, त्यामागची कारणे, त्यातील वाद आणि मराठी भाषकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

२. संकल्पना : सातबारा आणि फेरफार

आवृत्ती-नियंत्रण ही संकल्पना महाराष्ट्रातील वाचकाला नवी नाही. जमिनीचा सातबारा उतारा ‘आज’ काय स्थिती आहे ते सांगतो. परंतु ती स्थिती कशी आली, हे गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीतून कळते. वारसा, खरेदी, वाटणी अशा प्रत्येक घटनेला क्रमांक, दिनांक व कारण असते. तलाठ्याने नोंद घ्यायची आणि मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची, अशी रीत रूढ झाली. सातबारा आणि फेरफार यांचा मेळ बसला नाही तर वाद उद्भवतो, कारण मग उताऱ्यावरील नावामागे आधार उरत नाही.

संगणकीय प्रणालीतही हेच दोन दस्तऐवज असतात. एखाद्या कार्यक्रमाचा सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, विशिष्ट क्षणी जशी असते ती सातबाऱ्यासारखी होय. त्या संहितेत झालेल्या बदलांची क्रमवार नोंद ही फेरफार नोंदवही होय. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये तयार केलेली एससीसीएस ही या प्रकारची आरंभीची प्रणाली मानली जाते. त्यानंतर वॉल्टर टिची यांची आरसीएस (१९८२), डिक ग्रून यांनी आरंभिलेली सीव्हीएस (१९८६) आणि सबव्हर्जन (पहिली पूर्ण आवृत्ती २००४) असा क्रम लागतो. सीव्हीएस व सबव्हर्जन यांत नोंदवही एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर असे. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉर्वाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी लिहिलेल्या गिटने ही रचना बदलली. गिटमध्ये प्रत्येक सहभागी व्यक्तीजवळ संपूर्ण नोंदवहीची प्रत असते आणि प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीशी गणिती ठशाने बांधलेली असते. त्यामुळे मधली एखादी जुनी नोंद गुपचूप बदलणे अत्यंत कठीण होते.

पॅकेज ही दुसरी संकल्पना. बोईसर-तारापूरच्या औषध कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोळीच्या पट्टीवर बॅच क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून कोणता कच्चा माल कधी वापरला येथपर्यंत मागे जाता येते. लिनक्स वितरणातील पॅकेज हे असेच मोहोरबंद घटक असते. मूळ निर्मात्याने लिहिलेला कार्यक्रम, वितरणाने त्यात केलेले बदल आणि तो संगणकावर बसविण्याच्या सूचना असे त्याचे तीन भाग असतात. वितरण म्हणजे अशा हजारो पॅकेजांचा परस्परांशी जुळवलेला संच होय.

३. डेबियनची स्थापना व पॅकेज-रचना (१९९३ ते २००२)

डेबियनची घोषणा इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. हे वितरण कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. १९९७ मध्ये स्वीकारलेला सामाजिक करार आणि १९९८ मधील घटना यांच्या आधारे स्वयंसेवकच त्याचा कारभार पाहतात. ही बाब पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे.

पॅकेजे बसविणारा ‘डीपीकेजी’ हा कार्यक्रम आरंभी साध्या आज्ञावलीच्या स्वरूपात होता. १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी त्याचे सी भाषेत पुनर्लेखन केले. १९९९ च्या ‘स्लिंक’ आवृत्तीपासून ॲप्ट हे साधन उपलब्ध झाले आणि एका आज्ञेसरशी परस्परावलंबी पॅकेजे नेटवर्कवरून मिळू लागली. या काळातील सोर्स पॅकेजची रचना मात्र गिटपूर्व जगातली होती. मूळ निर्मात्याने प्रसिद्ध केलेली दाबून बांधलेली फाइल, म्हणजे टारबॉल. डेबियनने केलेल्या बदलांचे एक फरकपत्र. आणि या दोहोंचे वर्णन करणारी, देखभालकर्त्याच्या डिजिटल स्वाक्षरीने मुद्रित अशी तिसरी छोटी फाइल. या तीन फाइली मध्यवर्ती संग्रहात, म्हणजे अर्काइव्हमध्ये, चढविल्या की त्याच अधिकृत ठरत.

या रचनेचा गुण असा की, ती कोणत्याही आवृत्ती-नियंत्रण प्रणालीवर अवलंबून नव्हती. दोष असा की, सर्व बदल एकाच फरकपत्रात एकवटलेले असत. कोणता बदल कोणत्या कारणासाठी केला हे त्यातून वेगळे काढणे दुरापास्त होते. सातबारा अधिकृत संग्रहात आणि फेरफार नोंदवही देखभालकर्त्याच्या घरी, अशी ही व्यवस्था होती.

४. अनेक नोंदवह्यांचा कालखंड (२००३ ते २०१७)

२००३ मध्ये डेबियनने ‘आलिओथ’ हा सामायिक सर्व्हर सुरू केला. तेथे सीव्हीएस, सबव्हर्जन, आर्च, बझार, मर्क्युरियल, डार्क्स आणि गिट अशा जवळपास सर्व प्रणाली नांदत होत्या. प्रत्येक चमूने आपल्या सोयीची निवडली. कोणत्या पॅकेजची नोंदवही कोठे आहे हे पॅकेजमध्येच लिहिण्याची सोय पुढे झाली, तथापि ते ऐच्छिक होते.

या व्यवस्थेचा धोका १३ मे २००८ रोजी जगासमोर आला. ओपनएसएसएल या सांकेतिक सुरक्षेच्या पॅकेजमध्ये २००६ साली डेबियनच्या बाजूने एक लहानसा बदल करण्यात आला होता. स्मृतितपासणी साधनाने दाखविलेला इशारा घालविण्यासाठी काही ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. परिणामी यादृच्छिक संख्या निर्माण करणारा स्रोतच आटला. प्रक्रियेचा क्रमांक एवढाच बदलता घटक शिल्लक राहिल्याने ठरावीक प्रकारच्या किल्ल्यांचे पर्याय अवघे ३२,७६८ उरले. लुसियानो बेलो यांच्या निदर्शनास ही बाब येईपर्यंत सुमारे दोन वर्षे उलटली होती आणि जगभरच्या असंख्य सर्व्हरच्या किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या. हा बदल कोणी लपविलेला नव्हता. तो सार्वजनिक होता, त्याविषयी विचारणाही झाली होती. तरीही तो स्वतंत्र नोंद म्हणून मूळ निर्मात्यांच्या नजरेखालून सहज जाईल, अशी वाट त्या काळच्या पॅकेज-रचनेत नव्हती.

यानंतर प्रत्येक बदल स्वतंत्र ठेवण्याच्या मागणीला बळ आले. २००९ पासून संग्रहात स्वीकारल्या गेलेल्या ‘३.० क्विल्ट’ या नव्या स्वरूपात एकाच फरकपत्राऐवजी क्रमाने लावलेल्या अनेक ठिगळांची, म्हणजे पॅचेसची, मालिका ठेवता येऊ लागली. प्रत्येक पॅचच्या माथ्यावर कर्ता, कारण आणि मूळ निर्मात्याकडे तो पाठविला की नाही याची माहिती कशी लिहावी, याचा मसुदाही त्याच सुमारास तयार झाला. ही सुधारणा महत्त्वाची होती, पण गिट ज्या काळात सर्वत्र पसरत होते त्याच काळात डेबियनने गिटबाहेरची आणखी एक नोंदपद्धती स्वीकारली, असाही तिचा अर्थ होतो. पॅचांची मालिका आणि गिटमधील नोंदींची मालिका या एकाच गोष्टीच्या दोन भाषा झाल्या आणि देखभालकर्त्यांना सतत एकीतून दुसरीत भाषांतर करावे लागले. २००६ मध्ये आरंभ झालेले ‘गिट-बिल्डपॅकेज’ हे साधन प्रामुख्याने या भाषांतरासाठीच वापरले जाऊ लागले.

५. पुण्यातील समांतर उदाहरण : फेडोरा

तुलनेसाठी फेडोरा या वितरणाचे उदाहरण उपयुक्त ठरते. रेड हॅट कंपनीच्या पाठबळावर चालणाऱ्या या वितरणाच्या विकासात पुण्यातील अभियंत्यांचा लक्षणीय सहभाग होता आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात (सीओईपी) ‘फडकॉन’ ही फेडोराची परिषदही भरली. फेडोराने आपली सर्व पॅकेज-भांडारे सीव्हीएसमधून गिटमध्ये नेण्याचे काम २०१० च्या मध्यास एका झटक्यात केले. सर्व पॅकेजांची मांडणी एकसारखी आणि सर्व्हर एकच असल्यामुळे ते शक्य झाले.

तथापि फेडोराच्या गिटमध्येही मूळ निर्मात्याची संहिता नव्हती. तेथे पॅकेज बांधण्याच्या सूचना व पॅचेस असत. टारबॉल वेगळ्या साठ्यात ठेवला जाई. म्हणजे प्रणाली बदलली, तरी टारबॉल हाच पाया कायम राहिला. डेबियनमध्ये पुढे जो प्रश्न निर्माण झाला तो याहून खोल होता : टारबॉलऐवजी गिटमधील नोंदच अधिकृत का मानू नये?

६. साल्सा आणि डीगिट

२०१८ मध्ये आलिओथ बंद करण्यात आले आणि त्याची जागा गिटलॅबवर आधारलेल्या ‘साल्सा’ या सर्व्हरने घेतली. साल्सावर केवळ गिटच असल्याने अन्य प्रणालींतील भांडारे एकतर गिटमध्ये आणावी लागली किंवा जुन्या स्वरूपात जतन करून ठेवावी लागली. आज बहुतांश पॅकेजांची नोंदवही साल्सावर आहे. परंतु साल्सावरील भांडार व संग्रहातील पॅकेज एकच असेल, याची हमी कोणतीही यंत्रणा देत नव्हती. देखभालकर्ता गिटमध्ये एक ठेवून संग्रहात दुसरेच चढवू शकत होता. बहुतेक वेळा असे घडे ते केवळ विसरल्यामुळे.

या दरीवर उपाय म्हणून इयन जॅक्सन यांनी २०१३ मध्ये ‘डीगिट’ हे साधन मांडले. संग्रहातील कोणतेही पॅकेज जणू गिटचे भांडार आहे अशा रीतीने उतरवून घेता यावे आणि गिटमधून जे चढवले जाईल तेच संग्रहात पोहोचले याची खात्री व्हावी, असा त्याचा हेतू आहे. सर्वसामान्य उपयोजकाला क्विल्ट, फरकपत्रे, शाखांच्या निरनिराळ्या मांडण्या यांतले काहीही न शिकता पॅकेजची संहिता वाचता व बदलता यावी, हे तत्त्व या प्रयत्नामागे आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना बदल करण्याचा अधिकार देतो. पण तो अधिकार वापरण्याची वाट सामान्य प्रोग्रामरला सापडत नसेल तर तो कागदावरच राहतो.

७. स्वाक्षरी कोणाची? टॅग२अपलोडचा वाद (२०१९ ते २०२५)

पुढची पायरी म्हणजे २०१९ मध्ये इयन जॅक्सन व शॉन व्हिटन यांनी मांडलेली ‘टॅग२अपलोड’ ही सेवा. तीनुसार देखभालकर्ता गिटमधील विशिष्ट नोंदीवर स्वाक्षरी केलेली खूण, म्हणजे टॅग, लावतो. ती स्वाक्षरी तपासून एक मध्यवर्ती सेवा स्वतः सोर्स पॅकेज तयार करते आणि संग्रहात चढविते. देखभालकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर पॅकेज बांधण्याची गरज राहत नाही.

या प्रस्तावाला संग्रहाची जबाबदारी असलेल्या ‘एफटीपीमास्टर’ गटाकडून आक्षेप घेतला गेला. जुन्या पद्धतीत देखभालकर्ता ज्या फाइलींवर स्वाक्षरी करी त्याच फाइली संग्रहात येत आणि संग्रह ती स्वाक्षरी थेट पडताळू शकत असे. नव्या पद्धतीत स्वाक्षरी गिटच्या नोंदीवर आणि संग्रहात येणारी वस्तू मात्र सेवेने बनविलेली. म्हणजे मधल्या यंत्रावर विश्वास ठेवणे आले. शिवाय गिटच्या नोंदी ज्या एसएचए-१ या ठसापद्धतीवर बांधलेल्या आहेत ती आता दुबळी मानली जाते, हाही मुद्दा होता. समर्थकांचे म्हणणे असे की, देखभालकर्ता प्रत्यक्षात वाचतो व समजतो ते गिटमधील रूप. ज्या टारबॉलवर तो स्वाक्षरी करतो तो त्याने उघडूनही पाहिलेला नसतो. म्हणून गिटवरील स्वाक्षरीच त्याचा हेतू खऱ्या अर्थाने व्यक्त करते.

या वादात दोन्ही बाजूंना तथ्य होते. फेरफाराच्या भाषेत सांगायचे तर, प्रमाणन नोंदीचे करायचे की उताऱ्याचे, असा हा प्रश्न होता. २०२४ च्या मध्यास हा विषय सर्वसाधारण ठरावाच्या उंबरठ्यापर्यंत गेला. अखेर वाटाघाटींतून मार्ग निघाला आणि २०२५ मध्ये ही सेवा देखभालकर्त्यांसाठी खुली झाली. प्रस्ताव ते अंमलबजावणी यांत सहा वर्षे गेली. एखाद्या कंपनीत हा निर्णय एका बैठकीत झाला असता. तथापि स्वयंसेवकांच्या संस्थेत आदेश देणारा कोणी नसतो आणि आक्षेपांना उत्तर द्यावेच लागते. या विलंबाची ही दुसरी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे.

८. २०२४ चा धडा : एक्सझेड

वाद चालू असतानाच २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या दाबप्रणालीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपविलेला चोरदरवाजा उघडकीस आणला. डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीवर दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, या क्षुल्लक निरीक्षणातून हा शोध लागला. घातक आशयाचा एक भाग चाचणीच्या फाइलींच्या रूपाने गिटमध्येही होता. परंतु त्याला जागे करणारी आज्ञावली केवळ प्रसिद्ध टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. गिट वाचणाऱ्याला ती दिसणे शक्यच नव्हते. डेबियनची स्थिर आवृत्ती यातून वाचली, कारण ती पॅकेजे तेथवर पोहोचली नव्हती.

२००८ आणि २०२४ या दोन घटना एकत्र पाहिल्या असता एक सूत्र स्पष्ट होते. पहिल्या घटनेत दोष वितरणाच्या बदलात होता व हेतू निर्मळ होता. दुसरीत दोष मूळ टारबॉलमध्ये होता व हेतू दुष्ट होता. परंतु दोन्ही ठिकाणी लोक जे वाचत होते आणि संगणकावर जे चालत होते, त्यांत अंतर होते. गिट हा सर्वरोगहारी उपाय नव्हे. चाचणीच्या फाइली गिटमध्ये असूनही कोणाला संशय आला नाही. तरी हे अंतर कमी करणे हाच या स्थित्यंतराचा गाभा होय.

९. मराठीचा संदर्भ

या घडामोडींचा मराठीशी संबंध प्रत्यक्ष आहे. डेबियनची २००९ ची ‘लेनी’ आवृत्ती मराठीतून बसविता येऊ लागली. या स्थापना-कार्यक्रमाच्या मराठी भाषांतरात सी-डॅक, मुंबई येथील ‘जनभारती’ प्रकल्पाचा वाटा होता. त्या काळी या भाषांतराच्या फाइली सबव्हर्जनच्या भांडारात असत. पुढे गिटकडे स्थलांतर होताना हा इतिहास सोबत आणावा लागला.

लोहित या देवनागरी फाँटचे उदाहरण अधिक बोलके आहे. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेल्या या फाँटची देखभाल पुण्यातील अभियंत्यांनी केली. हिंदी वळणाहून वेगळे असलेले मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ पडद्यावर योग्य दिसणे ही भाषिक अस्मितेइतकीच तांत्रिक बाब आहे. अशी दुरुस्ती प्रथम फाँटच्या नोंदवहीत, मग टारबॉलमध्ये, मग डेबियनच्या पॅकेजमध्ये आणि शेवटी वाचकाच्या संगणकावर पोहोचते. लोहितचे भांडार ज्या ‘फेडोरा होस्टेड’ या सेवेवर होते ती २०१७ मध्ये बंद झाली आणि ते अन्यत्र हलवावे लागले. सर्व्हर बंद होतात, तेव्हा टारबॉल कोठे ना कोठे टिकून राहतो. परंतु अक्षराचे वळण का बदलले हे सांगणारी नोंद जतन केली नाही तर नाहीशी होते. भाषेच्या संगणकीय इतिहासाची ही मूळ साधने आहेत आणि अभ्यासकांनी त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहणे गरजेचे आहे.

पालघरसारख्या ठिकाणी भरलेल्या मेळाव्याचे महत्त्वही येथेच आहे. डेबियनमध्ये चढविल्या जाणाऱ्या प्रत्येक पॅकेजमागे व्यक्तीची डिजिटल किल्ली असते आणि किल्लीवरील विश्वास परंपरेने प्रत्यक्ष भेटीतून, ओळख पटवून निर्माण होतो. महानगरांपासून दूर असलेल्या विद्यार्थ्याला अशी भेट आपल्या गावाजवळ होणे हाच प्रवेशाचा पहिला टप्पा असतो. दुसरा अडसर साधनांचा आहे. महाविद्यालयात गिट शिकलेल्या विद्यार्थ्याला डेबियनसाठी पुन्हा क्विल्ट, फरकपत्रे आणि संग्रहाचे जुने नियम शिकावे लागत असतील तर तो दारातूनच परत फिरण्याचा संभव अधिक. गिटकडे होणारे स्थित्यंतर हा अडसर काही अंशी दूर करते.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, डेबियनमधील स्थित्यंतर हे एका साधनाच्या जागी दुसरे साधन आणण्यापुरते मर्यादित नाही. अधिकृत दस्तऐवज कोणता, संग्रहातील पॅकेज की बदलांची नोंदवही, या प्रश्नाचे उत्तर त्यातून बदलत आहे.

दुसरा, मध्यवर्ती सत्ता असलेल्या वितरणात असे स्थलांतर जलद होते, तर स्वयंसेवी वितरणात ते मन वळवून, समांतर व्यवस्था चालवून व टप्प्याटप्प्याने होते. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रिक्सी’ आवृत्तीत जवळपास ७० हजार पॅकेजे आहेत. एवढ्या पसाऱ्यात जुनी व नवी पद्धत दीर्घकाळ एकत्र नांदणे अपरिहार्य आहे.

तिसरा, २००८ व २०२४ या दोन्ही घटनांनी दाखविले की सोर्स कोड खुला असणे पुरेसे नाही. तो वाचणाऱ्यापर्यंत त्याच रूपात पोहोचला पाहिजे ज्या रूपात तो चालतो.

चौथा, मराठी भाषांतरे व देवनागरी फाँट यांचा इतिहास या नोंदवह्यांतच दडलेला आहे. विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी हस्तलिखिते व दप्तरे यांच्याप्रमाणेच या भांडारांच्या जतनाचाही विचार करावा. भांडाराची संपूर्ण प्रत उतरवून ठेवण्यास गिटमध्ये एकच आज्ञा पुरते. त्यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर कोणती भांडारे जतन करायची याची जाण असलेल्या अध्यापकाची आवश्यकता आहे.